न ओढणाऱ्याचे पाईप

मटार काढायला म्हणून बायकोने फ्रीजर उघडला आणि तिच्या हाती पाईप आला. नळाचा नव्हे, ओढायचा. तोही प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला, वरून रबरबँड लावलेला आणि खवलेल्या नारळाच्या डब्यावर आडवा झोपवलेला. ती काही बोलली नाही. मटार काढले, फ्रीजर लावला आणि बाहेर येऊन शांतपणे विचारलं, "हे गार करून ओढतात का?"

लग्नाला चोवीस वर्षं झाली की माणसाला आवाजाच्या पट्टीवरून पुढचं हवामान कळतं. मी घाईघाईने खुलासा केला. पाईपाची तोंडात धरायची दांडी, म्हणजे स्टेम, लाकडात घट्ट अडकून बसली आहे. जोर लावला तर आतलं टोक मोडतं. पण लाकूड आणि दांडीचं रबर थंडीने सारखे आकसत नाहीत. तासभर गारठवलं आणि अलगद पिळलं की पकड सुटते. "आणि मी ओढत नाही, तुला माहितीये."

"तेच तर," ती म्हणाली. "ओढत असतास तर निदान समजून तरी घेतलं असतं."

मी पाईप ओढत नाही, हे वाक्य मी आजवर बायकोला, आईला, फॅमिली डॉक्टरांना, औषधाच्या दुकानदाराला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना ऐकवलेलं आहे. आईचा अजून विश्वास बसलेला नाही. तिच्या माहेरच्या गावी देवळाच्या ओसरीवर बैरागी उतरायचे. ते चिलमीला ओली छापी गुंडाळून दम मारायचे, पण चिलीम घासूनपुसून कपाटात मांडून ठेवणारा बैरागी तिने पाहिलेला नाही. "ते निदान ओढून तरी टाकायचे," असं तिचं म्हणणं. दुसऱ्यांनी ओढून टाकलेले पाईप विकत आणायचे, खरवडायचे, उजळायचे आणि काचेआड मांडायचे, हा माझा छंद. आजपर्यंत अकरा झाले.

हा अकरावा पुण्याच्या जुन्या बाजारातला. मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी गेलो होतो पितळी बिजागऱ्या बघायला. किल्ल्या नसलेली कुलपं, कुलपं नसलेल्या किल्ल्या आणि एक डोळा फुटलेली दुर्बीण यांच्यामधे हा पडला होता. वाकडा, काळपट, लाकडाच्या मानेवर पांढऱ्या धातूचं जाड कडं.

"घ्या साहेब, चांदीचं कडं आहे. इंग्रजाच्या वेळचा माल."

मी भिंग काढलं. (भिंग खिशात ठेवून बाजारात जाऊ नये. भाव तिथेच दुप्पट होतो.) लाकडावर एका बाजूला पीटरसन, डब्लिन हे नाव आणि दुसऱ्या बाजूला 'मेड इन द रिपब्लिक ऑफ आयर्लंड' असा ठसा. आयर्लंड अधिकृतपणे रिपब्लिक झालं 1949 साली. म्हणजे पाईप तयार झाला तेव्हा इंग्रज इथूनही गेलेले होते आणि डब्लिनमधूनही. हे मी विक्रेत्याला समजावून सांगितलं. त्याने ते मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "बरं, मग चांदीचे तरी द्या." दीड हजारापासून सुरुवात झाली, सहाशेला तुटलं.

चांदी म्हणावी तर कड्यावर तीन चिमुकले शिक्के होतेच. रविवार पेठेतल्या आमच्या सराफांकडे गेलो. त्यांनी कडं कसोटीवर घासलं, ओठ बाहेर काढले आणि म्हणाले, "निकेल." मग हे शिक्के कसले? घरी येऊन वाचलं तेव्हा उलगडा झाला. पीटरसनची मंडळी निकेलच्या कड्यांवरही आयर्लंडची चिन्हं उठवायची. एक त्रिदल, एक गोल बुरूज आणि एक जनावर. चांदीचे अधिकृत शिक्के वेगळे असतात. पुढच्या वेळी सराफांकडे गेलो तेव्हा त्यांना हे सांगितलं. त्यांनी परत भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं. "कुत्रा की कोल्हा?" त्यावर आमची दहा मिनिटं चर्चा झाली. काउंटरवर मंगळसूत्र पॉलिशला घेऊन आलेल्या एक बाई होत्या, त्यांचं मत कोल्हा पडलं.

तर फ्रीजर. तासाभराने स्टेम धरून अलगद पिळली आणि बाटलीचं बूच उघडल्यासारखा आवाज होऊन ती सुटली. त्यापाठोपाठ वास सुटला.

चार्ल्स पीटरसन हा मूळ लॅटव्हियाचा कारागीर. डब्लिनला येऊन त्याने 1890 मध्ये एका रचनेचं पेटंट घेतलं. पाईपाच्या मानेत एक छोटं टाकं ठेवायचं, म्हणजे धुरातला ओलावा तिथेच साचतो आणि कडवट पाणी ओढणाऱ्याच्या तोंडात येत नाही. कल्पना उत्तम. फक्त ते टाकं अधूनमधून पुसायचं असतं, हे आमच्या मूळ मालकाला बहुधा कुणी सांगितलं नव्हतं. आत काकवीसारखा काळा, चिवट थर होता. मी टॉर्च मारून आत डोकावलो तर उजेडसुद्धा परत आला नाही.

याला लागतात पाईप क्लीनर. तारेवर लव लावलेली ती वीतभर काडी. मी आधी हार्डवेअरच्या दुकानात विचारलं. त्यांनी संडासाचं ॲसिड पुढे केलं. शेवटी ते मिळाले अप्पा बळवंत चौकात, शाळेच्या हस्तकलेच्या सामानात. फुलं, फुलपाखरं, मोराचे पाय करायला मुलं हेच वापरतात. नावही तेच, पाईप क्लीनर. त्या नावात पाईप कुठून आला, असा प्रश्न ना मुलांना पडत, ना बाईंना, ना दुकानदाराला. त्याने विचारलं, "मुलगी कितवीत आहे?" मी म्हणालो, "तिसरीत." खोटं बोललो. माझी मुलगी बंगळुरूला नोकरी करते. पांढरे संपले होते, म्हणून जांभळे घेतले, चमकीवाले. तेव्हापासून डब्लिनच्या त्या भारदस्त पाईपाच्या आतड्यात चमकी आहे आणि ती निघत नाही.

तंबाखू भरायच्या वाटीत, म्हणजे बाउलमध्ये, जळक्या तंबाखूचा कोळशासारखा थर साचतो, त्याला केक म्हणतात. हा सगळा काढायचा नसतो. नाण्याच्या जाडीएवढा राहिला तर लाकडाला चटका बसत नाही. जास्त वाढला तर तापून फुगतो आणि बाउलला तडा जातो. आमच्या पाईपात तर करंगळी शिरत नव्हती. लाकडी गोल काठीला पॉलिशपेपर गुंडाळून मी दोन संध्याकाळी गॅलरीत खरवडत बसलो. समोरच्या इमारतीतल्या आजी रोज त्या वेळी तुळशीला दिवा लावायला येतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंड फिरवून दिवा लावला.

मग मुरलेला वास. त्याचा प्रसिद्ध उपाय असा की बाउल मिठाने भरायचा, वरून ड्रॉपरने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडायचं आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी मीठ चहाच्या रंगाचं होतं, कारण सगळा चिकटा त्याने ओढून घेतलेला असतो. झालंही तसंच. ते मीठ मी एका वाटीत काढलं आणि वाटी ओट्यावर ठेवून हात धुवायला गेलो. रविवार होता. मेहुणा आलेला होता. काकडी चिरलेली होती. मी हात पुसत बाहेर आलो तेव्हा तो वाटीत चिमूट घालत म्हणत होता, "वा, ताई, पादेलोण का?"

मी आयुष्यात क्रिकेटमध्ये एकही झेल पकडलेला नाही. पण त्या दिवशी ती काकडी त्याच्या तोंडापासून दोन इंचांवर झेलली. त्यानंतर माझ्यासाठी घरात एक वेगळी वाटी निघाली. तिच्यावर नेलपॉलिशची लाल फुली आहे. आणि मी मीठ सोडून कापूस वापरायला लागलो.

लाकडाचं काम मात्र सुखाचं असतं. हे लाकूड म्हणजे ब्रायर. भूमध्य सागराच्या काठच्या एका झुडपाच्या बुडाशी, मूळ आणि खोड यांच्यामधे, एक गाठ धरते. ती वाढायला कित्येक वर्षं लागतात. ती खणून काढतात, तासन्‌तास उकळतात, महिनोन्‌महिने वाळवतात. म्हणून पोटात निखारा घेऊनही ती जळत नाही. (आमच्या खात्यात असा एक हेडक्लार्क होता.) लाकडाला पोचा पडला असेल तर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवायची. वाफेने दबलेले तंतू फुगतात आणि खळगा डोळ्यांदेखत वर येतो. हा प्रकार बायकोनेही उभं राहून पाहिला. इस्त्री कुणाची, हे आठवेपर्यंत.

या कामात मूळ मालकाची इतकी ओळख होते की एखाद्या दिवशी तो दारात उभा राहिला तर मी त्याला आत या म्हणेन. हा माणूस पाईप दातांत धरून दोन्ही हातांनी दुसरं काम करायचा, कारण स्टेमवर सुळ्यांचे खोल खड्डे होते. घाईचा होता, कारण गरम असतानाच स्टेम पिळून काढल्याच्या खुणा होत्या. आणि उजवा होता. काडी ज्या हातात धरतात त्या बाजूची बाउलची कड भाजते. याची उजवी कड चांगली अर्धचंद्राएवढी काळी होती. मी ती पुष्कळ उजळली, पण आणखी घासलं असतं तर घाटच बिघडला असता. म्हणून थोडा डाग राहू दिला.

राहिली स्टेम. ही एबोनाइटची, म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून कडक केलेली वस्तू. नेल्सन गुडइयरने 1851 मध्ये याचं पेटंट घेतलं. राजमहेंद्रीची हाताने घडवलेली फाउंटन पेनं याचीच. उजेडात आणि हवेत पडून राहिली की हिच्यातलं गंधक पृष्ठभागावर येतं आणि काळीभोर दांडी शेवाळलेल्या हौदाच्या रंगाची होते. मग 400 नंबरच्या पॉलिशपेपरपासून सुरुवात करून 600, 800, 1000, 2000 असं पाण्यात घासत जायचं. सुतळी फटाका फुटल्यावर येतो तसा वास घरभर पसरतो आणि पुढचे दोन दिवस जेवताना बोटांना येत राहतो. माझं नाक तर केव्हाच कामातून गेलं आहे. वरणाला फोडणी दिली की दूध उतू गेलं, हे मला विचारून घ्यावं लागतं.

दातांचे खड्डे वर आणायला स्टेम उकळत्या पाण्यात धरतात. मी धरली. खड्डे वर आले. पण एबोनाइटला आपला जन्म आठवतो. कारखान्यात ती सरळ जन्मते, मग तापवून वाकवतात. उकळत्या पाण्यात गेल्यावर ती जी सरळ झाली ती झालीच. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं राहतं असं म्हणतात. इथे नळीच शेपटासारखी वागली, फक्त उलट. वर पाण्यातून निघाली ती परत तपकिरी होऊन. म्हणजे तीन दिवसांचं घासणं पाण्यात.

पुन्हा 400 नंबर. मग आत चमकीची जांभळी काडी घातली, म्हणजे वाकवताना भोक दबत नाही. स्टेम परत तापवली, लाटण्यावर बेतून वाकवली आणि गार पाण्याच्या नळाखाली धरली. आता तो बाक आमच्या लाटण्याचा आहे. डब्लिनचा नाही, पण पोळ्या मऊ होतात त्या लाटण्याच्या.

शेवटी कार्नोबा मेण लावून पाईप चकाकला तेव्हा दाखवायला कुणीतरी हवं होतं. खालच्या मजल्यावरचे अप्पा पेपर न्यायला आले होते. अप्पा बँकेतून निवृत्त. सोसायटीच्या हॉलमध्ये डाव्या हाताने कॅरम खेळतात आणि उजव्या हाताने दुसऱ्यांच्या चुका दाखवतात. बारा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली तोवर ते पाईप ओढायचे, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी पाईप उचलला, तळहातात घोळवला आणि रिकामाच दातांत धरला. खांदे खाली आले, पाठ खुर्चीला टेकली, पेपर मांडीवर पडला.

"तंबाखू तीन चिमटीत भरायची," ते म्हणाले. "पहिली लहान मुलाच्या हाताने, दुसरी बाईच्या, तिसरी पुरुषाच्या." मग स्टेमवरून जीभ फिरवून, "हिचं भोक वरच्या बाजूला आहे. धूर टाळ्याकडे जातो, जिभेला चटका नाही. हुशार होता करणारा." हे 1898 चं पेटंट मी वाचलं होतं. अप्पांना ते जिभेने कळलं.

तेव्हापासून अप्पा रोज सहाला येतात. गॅलरीतल्या खुर्चीत रिकामा पाईप तोंडात धरून अर्धा तास बसतात आणि पाईप परत जागेवर ठेवून जातात. मी आत दुसरं काहीतरी घासत असतो. मला फार बरं वाटायचं. अकरा पाईपांत एकाला तरी वाली मिळाला.

परवा काकू वर आल्या. चहा नको म्हणाल्या, पाणीही नको म्हणाल्या. "तुमच्याकडे हे रोज काय करतात?"

"काकू, नुसता रिकामा पाईप धरून बसतात. शपथ. माझ्या एकाही पाईपात तंबाखूचा कण गेलेला नाही. मी स्वतः ओढत नाही."

"मग लेंग्याच्या खिशात काडेपेटी कशी सापडली?"

देवपूजेची असेल, असं मी म्हणालो. पूजा त्या करतात, असं त्या म्हणाल्या. त्या गेल्यावर मी पाईप काढला, टॉर्च लावला, भिंग घेतलं. उजव्या कडेचा जुना डाग मी ठेवला होता तेवढाच होता. डावी कड काळवंडली होती.