बॅलनशीन यांचा गुडघा आणि एक सोयीची कहाणी

जॉर्ज बॅलनशीन यांच्याविषयी समाजमाध्यमांवर फिरणारा एक प्रेरणादायी मजकूर थोडक्यात असा आहे: गुडघ्याच्या दुखापतीने नाचणे थांबले म्हणून हा बॅले नर्तक नाइलाजाने नृत्यदिग्दर्शक झाला, १९३३ मध्ये अमेरिकेत पाऊल ठेवताच, जिथे बॅलेचा मागमूसही नव्हता त्या देशात त्याने एकट्याच्या बळावर ही कला रुजवली, आणि युरोपशी असलेले नाते कायमचे तोडले.

दुखापत खरी आहे, पण ती रशियन निर्माते दियागिलेव यांच्या पश्चिम युरोपातील नृत्यमंडळात असतानाची आहे, आणि तोवर बॅलनशीन कितीतरी नृत्यरचना करून चुकले होते. सेंट पीटर्सबर्गमध्ये १९०४ साली जन्मलेल्या, एका जॉर्जियन संगीतकाराच्या या मुलाने नृत्यशाळेत शिकत असतानाच १९२० मध्ये रुबिनस्टाइन यांच्या संगीतावर आपली पहिली रचना बसवली. पुढे सरकारी रंगमंचावर समूहनर्तक म्हणून काम करताना त्यांनी काही सहकाऱ्यांसह स्वतःच्या रचनांचे प्रयोग सुरू केले. ते वरिष्ठांना इतके खटकले की त्यांत भाग घेणाऱ्यांना नोकरीवरून काढण्याची धमकी मिळाली. याच काळात ते पेट्रोग्राडच्या (सेंट पीटर्सबर्गचे तेव्हाचे नाव) संगीत विद्यालयात शिक्षण घेत होते, आणि संगीतरचना कागदावर वाचून तिची बांधणी ओळखण्याची जी क्षमता त्यांच्या नंतरच्या कामात जागोजागी दिसते, तिचे मूळ गुडघ्यात नव्हे, या शिक्षणात आहे. १९२४ मध्ये जर्मनीच्या दौऱ्यावर गेलेले बॅलनशीन परतले नाहीत. दियागिलेव यांनी त्यांना घेतले, तेव्हा मंडळाच्या नृत्यदिग्दर्शक निजिन्स्का ते सोडून जात होत्या आणि नव्या नृत्यदिग्दर्शकाची निकड होती.

अमेरिकेत बॅले नव्हताच, हे विधान तर एकाच उदाहरणाने कोसळते. रशियन संगीतकार स्ट्राविन्स्की यांच्या ज्या संगीतावर बॅलनशीन यांनी जून १९२८ मध्ये पॅरिसला अपोलोचे नृत्यनाट्य बसवले आणि नाव कमावले, ते संगीत वॉशिंग्टनमधील अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) ग्रंथालयासाठी लिहिले गेले होते, आणि त्यावरील पहिले नृत्य तिथेच, त्याच वर्षी एप्रिलमध्ये, नर्तक अडॉल्फ बोल्म यांनी सादर केले होते. रशियन बॅले नर्तिका अ‍ॅना पाव्हलोव्हा यांनी त्याआधी बरीच वर्षे अमेरिकेचे दौरे केले होते, आणि रशियन नृत्यदिग्दर्शक फोकीन न्यूयॉर्कमध्ये राहून शिकवत होते.

‘एकट्याच्या बळावर’ हे शब्द अमेरिकन लेखक आणि कलांचे आश्रयदाते लिंकन कर्स्टीन यांच्यावर अन्याय करणारे आहेत. बॅलनशीन यांना अमेरिकेत आणण्याचा ध्यास त्यांचा होता, पैशाची मोठी मदत एडवर्ड वॉरबर्ग यांची होती, आणि जानेवारी १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आधी उघडली ती शाळा. नृत्यमंडळ नंतर आले. यशही लगेच मिळाले नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा या संस्थेशी १९३५ मध्ये थाटलेला मंडळाचा संसार १९३८ मध्ये मोडला. मधली वर्षे ब्रॉडवे आणि हॉलिवूडच्या कामांत गेली. १९४२ मध्ये तर त्यांनी रिंगलिंग सर्कशीतील ५० हत्तींसाठी स्ट्राविन्स्की यांच्याच संगीतावर नृत्य बसवले. (प्रेरणादायी मजकुरात हे हत्ती कधीच येत नाहीत, आणि माझ्या मते तिथेच त्याची खरी उणीव आहे.) बॅलनशीन आणि कर्स्टीन यांचे न्यूयॉर्क सिटी बॅले हे नृत्यमंडळ स्थापन झाले ते १९४८ मध्ये, म्हणजे आगमनानंतर पंधरा वर्षांनी.

राहिला युरोपशी नाते तोडल्याचा मुद्दा. १९४७ मध्ये बॅलनशीन पॅरिस ऑपेरात पाहुणे नृत्यदिग्दर्शक होते. तिथे बिझे यांच्या सिंफनीवर त्यांनी एक रचना केली. ११ ऑक्टोबर १९४८ रोजी न्यूयॉर्क सिटी बॅलेचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा त्या संध्याकाळच्या तीन रचनांपैकी एक हीच होती, फक्त तिचे नाव बदललेले होते.