वृद्धाश्रम बघायला गेलात की औषधांचं कपाट उघडायला सांगा

आई-वडिलांसाठी वृद्धाश्रम शोधणारी मंडळी बाग बघतात, संडास-बाथरूम बघतात, जेवणाची चव घेतात. औषधं कुठे ठेवता, हे विचारणारा विरळाच. माझं अकोल्यात औषधांचं दुकान आहे, आश्रमांत गोळ्या पोचवायला जाणं होतं, म्हणून हे लिहितोय.

एके ठिकाणी इन्सुलिन फ्रिजच्या दारात, दुधाच्या पिशव्यांना टेकलेलं. ते दार दिवसभर उघडझाप होणार. दुसरीकडे जास्तच काळजी, थेट बर्फाच्या कप्प्यात! न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात आणि एकदा गोठलं की ते फेकायचंच, वितळल्यावर कितीही चांगलं दिसो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, त्यात वीज जाते. फ्रिजमध्ये एक थर्मामीटर ठेवायला आणि बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहायला असा काय खर्च येतो?

दुसरी गोष्ट कापलेल्या पाकिटांची. पाच गोळ्या कापून घेतल्या की नाव आणि मुदत छापलेला भाग बरेचदा दुकानातच राहतो. मग सगळ्या आजी-आजोबांच्या असल्या निनावी गोळ्या एकाच डब्यात. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते; चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेतू शकतं. प्रत्येकाचा वेगळा डबा, त्यावर नाव आणि फोटो, आत डॉक्टरांची ताजी चिठ्ठी, एवढं तरी हवंच.

कुलूप? हवंच. झोपेच्या गोळ्या उघड्यावर नकोत, विस्मरण झालेल्या माणसाच्या हाताशी तर मुळीच नकोत. पण सरसकट कुलपाचा अतिरेकही मला पटत नाही. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी कपाटात, किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर रात्री घरी, याला सुरक्षितता म्हणत नाहीत. दम्याचा पंप आणि ती गोळी, ज्यांना स्वतः घेता येते त्यांच्या उशाशीच असावी. बाकीची किल्ली रात्रपाळीच्या ताईंकडे, आणि गोळी दिल्या दिल्या वहीत सही. सकाळी एकदम सगळ्या सह्या मारायची पद्धत मी पाहिली आहे, तिला काही अर्थ नाही.

सगळं आश्रमावर ढकलूनही चालणार नाही. आपण पिशवीभर औषधं देतो आणि गाडी काढतो. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली की नवी पोचवतो, जुनी पाकिटं मात्र तिथेच. ती त्याच दिवशी परत आणा, नाहीतर सकाळी दोन्ही गोळ्या पोटात जातात.