दाढ काढायला फुकट, वाचवायला नागपूर

पोस्ट लांबली आहे. ज्याची दाढ ठणकत असेल त्याचा तेवढाच वेळ जाईल.

बसस्टॉपजवळ माझं सेतूचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचे फॉर्म, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि अलीकडे आयुष्मान कार्ड. किती घरांची कार्डं काढली त्याचा हिशेब ठेवला नाही. कार्ड हातात पडलं की माणूस ते उलटंसुलटं करून पाहतो, आणि मग एक प्रश्न ठरलेला. बायांचा तर हमखास: "भाऊ, याच्यात दाढ बसते का?"

नाही बसत. अख्ख्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, पण ते भरती होऊन करायच्या इलाजांसाठी. जबडा मोडला तर कार्ड चालतं. तोंडाचा कॅन्सर झाला तर चालतं. किडलेल्या दाढेत सिमेंट भरायचं असेल, रूट कॅनल करायचं असेल, म्हणजे मुळातली सडलेली नस काढून दाढ वाचवायची असेल, म्हाताऱ्या माणसाला कवळी हवी असेल, तर ते कार्ड खिशात ठेवायचं आणि नोटा काढायच्या. एका बाईला मी हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "मंग जबडा मोडून येऊ का?" दुकानात सगळे हसले. मीही हसलो. तोवर आमच्या मायची दाढ दुखायला लागली नव्हती.

ती लागली २०२४ च्या श्रावणात, ऐन निंदणात. खालची, उजवीकडची. पहिले दोन दिवस लवंग दाबून काढले. मग किराण्यातून आणलेली दुखण्याची गोळी. मग मला न सांगता ती शेजारच्या गावातल्या दाढेचा किडा काढणाऱ्या बाईकडे जाऊन आली. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकतात, नळीनं तो धूर तोंडात घेतात आणि खाली पाण्याच्या ताटलीत पांढरे बारीक "किडे" पडतात. माझ्या मते ते तडकलेल्या बियांतले कोंब असावेत, पण मायनं ते डोळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे वाद संपला. बरं, धुरानं दोन दिवस ठणका कमी झाला हेही खरं. तिसऱ्या दिवशी गाल एवढा सुजला की डावा आणि उजवा चेहरा दोन वेगळ्या बायांचा वाटावा.

मग तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळं मोफत झालंय, केसपेपरचेही पैसे पडत नाहीत. ही चांगली गोष्ट आहे आणि ती झाली तेव्हा मी स्वतः दुकानाच्या फळीवर कागद चिकटवून जाहीर केली होती. दातांच्या डॉक्टर मॅडम आठवड्यातून दोन दिवस येतात. त्या दिवशी होत्या. खोलीत निळी खुर्ची, कोरी वाटावी अशी. वरखाली होते, दिवा लागतो. पण हत्यारं ठेवायच्या ट्रेवर पेशंटचं रजिस्टर आणि त्यावर चष्म्याचं घर. मला तिथंच शंका आली.

मॅडमनी आरसा घालून पाहिलं, दाढेवर टकटक केलं, माय ओरडली. सूज उतरायला गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "काकू, दाढ मजबूत आहे. रूट कॅनल केलं तर अजून दहा-पंधरा वर्षं चालेल. पण इथं माझ्याकडे काढण्याशिवाय काही नाही."

मी खुर्चीकडे पाहिलं. त्यांनीच सांगितलं, कॉम्प्रेसर बंद आहे. दात कोरायचं ते सुंईऽऽ करणारं मशीन, एअरोटर, हवेच्या दाबावर फिरतं. हवा नाही तर मशीन नाही, मशीन नाही तर दात उघडता येत नाही. दातांचा एक्सरे तिथं नाही. दाढेच्या मुळातली नस साफ करायच्या बारीक फायली संपल्यात, मागणी पाठवली आहे. काढायला काय लागतं? बधिर करायचं इंजेक्शन, पक्कड, उकळून घेतलेली हत्यारं आणि डॉक्टरच्या मनगटात जोर. तेवढं सगळं होतं. त्या बाईंचा मला राग आला नाही. पाच वर्षं शिकून आलेल्या माणसाला दिवसभर फक्त दाढा ओढायला लावणं म्हणजे शिंप्याला बसवून नुसते कपडे फाडायला लावण्यासारखं आहे.

"वाचणार असन त वाचवा," माय म्हणाली. दाढ म्हणजे तिच्यासाठी ज्वारीची भाकर आहे. तिची आई शेवटची सात-आठ वर्षं वरणात भाकर कुस्करून, भिजवून खायची, ते तिनं पाहिलंय.

तालुक्याला खासगी दवाखाने आहेत. तिथं रूट कॅनलचे साडेतीन हजार आणि वरून दाढेवर बसवायच्या टोपीचे तीन हजार सांगितले. डॉक्टरनं लुटलं असं मी म्हणणार नाही. त्याचं भाडं, मशीनचा हप्ता, लॅबचे पैसे त्यालाही आहेतच. पण आमचा हिशेब सोयाबीनमध्ये होतो. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि आमच्या हातात क्विंटलला चार हजाराच्या आसपास पडले. म्हणजे एका दाढेला दीड क्विंटलच्या वर सोयाबीन. आणि श्रावणात घरात पैसा नसतोच. असतो तो सगळा वावरात असतो, हिरवा.

म्हणून नागपूर. मेडिकलच्या, म्हणजे तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे, १९६८ पासूनचं. विदर्भातल्या गरिबाच्या दाताला तोच मोठा आसरा. ते वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतं, म्हणून आरोग्य विभागाची मोफतची घोषणा तिथं लागू नाही. फी आहे, पण खासगीच्या मानानं किरकोळ. आमच्या गावाहून दीडशे किलोमीटर. पहाटे पाचची एसटी, बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून मायचं जाणं तरी परवडलं. माझं पूर्ण तिकीट, शिवाय दुकान बंद, तिची त्या दिवसाची मजुरी बुडाली.

तिथं ज्या मुलीनं दाढ हातात घेतली ती शिकत होती. इतक्या सावकाश, इतक्या निगुतीनं काम केलं तिनं. प्रत्येक पायरीला वरचे सर येऊन पाहायचे, मगच पुढे. मायला "आजी, दुखलं तर डावा हात वर करा" म्हणायची. आजी म्हटल्याचा मायला थोडा राग आला, ती ५८ चीच आहे. पण काम असं सावकाश म्हणजे बैठका जास्त. एकदा नस काढायची, मग औषध भरून ठेवायचं, मग मुळं भरायची, मग टोपीचं माप, मग टोपी बसवायची. पाच वेळा पाचची एसटी.

दोन वेळा गेलो. तिसरी तारीख आली तेव्हा कापूस फुटला होता. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना एवढंच सांगतो की बोंडं तारीख पाहून फुटत नाहीत. वेचणीला माणूस मिळत नव्हता. माय म्हणाली पुढच्या आठवड्यात जाऊ. पुढचा आठवडा दिवाळीपर्यंत लांबला. तात्पुरतं भरलेलं सिमेंट दोन-चार आठवड्यांसाठी असतं, ते कधी पडलं तिला कळलंही नाही. नस काढलेली दाढ, दुखणार कशी? दिवाळीनंतर एका संध्याकाळी फुटाणे खाताना कडक आवाज आला. दाढ उभी चिरली होती.

पुन्हा ग्रामीण रुग्णालय, तीच निळी खुर्ची, त्याच मॅडम. त्यांनी ओळखलं, बोलल्या काही नाहीत. वीस मिनिटांत दाढ बाहेर. पैसे शून्य. बाहेर बाकावर कापसाचा बोळा दाताखाली दाबून बसलेली माय बोळ्याआडून मला म्हणते, "एवढंच करा लागत होतं त कायले नेलं नागपूरले?"

हे आमच्या घरचं. पण दुकानात बसून रोज जे दिसतं त्यावरून सांगतो, यात आमचं काही वेगळं नाही.

शहरातल्या डॉक्टरांच्या तोंडून एक वाक्य मी बऱ्याचदा ऐकलंय: खेड्यातल्या लोकांना दाताची पर्वा नाही, दाढ पूर्ण सडल्यावर येतात. येतात, खरं आहे. पण का येतात हे कुणी विचारत नाही. तालुक्याला गेल्यावर पक्कडच दाखवणार हे सगळ्या गावाला पक्कं माहीत आहे. मग बारीक छिद्र असताना जायचं कशाला? काढायचीच आहे तर आज काय आणि सहा महिन्यांनी काय. उलट जितके दिवस लवंगेवर निघतील तितके दिवस दाढ तोंडात तरी राहते. हा आडाणीपणा नाही, चोख हिशेब आहे. छिद्र लहान असताना सिमेंट भरून मिळतं असं गावाला एकदा दिसलं, तर लोक लहान छिद्र घेऊन येतील.

शाळेतही तेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून एकदा शाळेत येते, पोरांना तपासते, दात किडल्याची नोंद होते. माझ्या पुतण्याच्या कार्डावर झाली. चिठ्ठी मिळाली, पुढे जा. पुढे म्हणजे तीच निळी खुर्ची. दुधाची दाढ आहे, पडेलच, असं म्हणून आम्हीही सोडून दिलं, हे कबूल करतो.

फोटोचं एक सांगायचं राहिलं. आमच्या भागात, यवतमाळ आणि चंद्रपूरकडे, बऱ्याच बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणी, दात हिरडीत तयार होत असतात तेव्हा, ते पाणी पोटात गेलं की दातावर पिवळे-तपकिरी पट्टे येतात. घासून जात नाहीत. फॉर्मच्या फोटोसाठी पोरीला जरा हस म्हटलं की ती ओठ मिटून घेते. लोकांना वाटतं दात घासत नाही. ती दोन वेळा घासते. एकदा एकीनं मला विचारलं, "भाऊ, फोटोत पांढरे करता येते का?" फोटोत येतात. मी करून दिले.

आणि खर्रा. माझ्या दुकानाला लागून पानठेला आहे, दिवसभर पन्नीवर सुपारी-तंबाखू-चुना घोटायचा आवाज येतो. गुटखा २०१२ पासून राज्यात बंद आहे, खर्रा डोळ्यांसमोर घोटला जातो. एक पोरगा, वय असेल पंचविशीच्या आत, फोटो काढायला आला. पाणीपुरी खाणं बंद केलं म्हणाला, का तर तोंडात जात नाही. मी म्हटलं उभी तीन बोटं घालून दाखव. दोनच गेली. साध्या माणसाच्या तोंडात तीन जायला पाहिजेत, हे मला नागपूरच्या त्या मुलीनं सांगितलं होतं, वाट पाहताना भिंतीवरचं चित्र दाखवून. तोंड असं आखडत जाणं ही कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते. ती सगळ्यांत आधी कुणाला दिसते? दाताच्या डॉक्टरला. तो पोरगा दाढ भरायला जाऊन खुर्चीवर आडवा झाला असता तर पाच मिनिटांत पकडला गेला असता. त्याऐवजी तो पासपोर्ट फोटोवाल्याला सापडला. पुढे जाऊन कॅन्सर निघालाच तर त्याला ५ लाखांचं कार्ड आहे. मीच काढून दिलंय.

डॉक्टर खेड्यात येत नाहीत, हे रडगाणं इथं लागू नाही. बीडीएस, म्हणजे दातांची डॉक्टरकी, झालेली पोरं तालुक्यातच आहेत, दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये पगारावर बसलेली. सरकारात जागाच मोजक्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात तर दातांच्या डॉक्टरचं पदच नाही. दातांसाठी राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे, त्यात जिल्हा आणि त्याखालच्या दवाखान्यांत दातांचं युनिट उभं करायचं म्हटलंय. आमच्याकडची खुर्ची कुठल्या खात्यातून आली मला माहीत नाही, पण आली. खुर्ची आली की फोटो निघतो, हार घातला जातो. कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीला कोण हार घालणार? सिमेंटच्या डबीला, फायलीच्या पाकिटाला?

शिबिरांबद्दलही लोक म्हणतील. सावंगी, हिंगणा, अमरावती इकडे खासगी दंत महाविद्यालयं आहेत. विद्यार्थ्यांना शिकायला पेशंट लागतात, त्यामुळे तिथं स्वस्तात काम होतं, शिबिरंही होतात. जवळ असाल तर जरूर जा. पण शिबिर एका दिवसाचं असतं आणि रूट कॅनल तीन-चार दिवसांचं.

मला तालुक्याला दंत महाविद्यालय नको. चालू कॉम्प्रेसर, दातांचा एक्सरे, सिमेंट आणि फायली, आणि मॅडमना दोनाऐवजी चार दिवस. एवढं झालं असतं तर मायच्या पाच बैठका वेचणीच्या दिवसांतही दुपारच्या सुट्टीत झाल्या असत्या. तालुका अकरा किलोमीटर आहे.

दुसऱ्यांचे अर्ज भरण्यात दिवस जातो, म्हणून या वेळी एक स्वतःसाठी भरला. माहितीचा अधिकार, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. तीन प्रश्न विचारले आहेत: गेल्या वर्षी या ग्रामीण रुग्णालयात किती दात काढले, किती भरले, आणि कॉम्प्रेसर कोणत्या तारखेपासून बंद आहे. मुदत ३० दिवसांची, आज नववा दिवस. उत्तर आलं की इथंच टाकतो. नाही आलं तरी टाकतो.

मायची डावीकडची पण एक हलायला लागली आहे. ती सांगत नाही, पण भाकर आता पुढच्या दातांनी तोडते.