दोन नाणी, तीन शक्यता? नाही, चार

दहावीच्या संभाव्यतेच्या प्रकरणावर एक ‘सोपी युक्ती’ फिरते आहे: दोन नाणी एकदम फेकली की दोन छापे, दोन काटे किंवा एकेक असे तीनच प्रकार होतात, म्हणून प्रत्येकाची संभाव्यता १/३. हे चूक आहे.

प्रकार तीन दिसतात खरे, पण ते समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेचे, नाहीत. एक नाणे रुपयाचे आणि दुसरे दोन रुपयांचे घ्या. रुपयावर छापा, दोनावर काटा ही एक निष्पत्ती. रुपयावर काटा, दोनावर छापा ही दुसरी. म्हणून नमुना अवकाशात (सर्व शक्य निष्पत्तींच्या संचात) चार घटक येतात आणि ‘एकेक’ची संभाव्यता २/४ म्हणजे १/२ होते. दोन्ही नाणी सारखी असली तरी उत्तर बदलत नाही. आपल्याला फरक ओळखू येत नाही, एवढेच. (दालाँबेरसारखा गणिती १७५४ साली याच नाण्यांपाशी घसरला. एक तरी छापा येण्याची संभाव्यता त्याने ३/४ ऐवजी २/३ सांगितली.)

वर्गात पडताळायचे तर ४० मुलांनी प्रत्येकी २० वेळा नाणी उडवावीत, ८०० नोंदी होतात. ‘एकेक’ ४०० च्या आसपास, बहुधा ३७० ते ४३० मध्ये येईल. १/३ खरे असते तर २६७ च्या जवळ आले असते. एकट्याच्या २० फेकींवर निकाल देऊ नका, त्यात ७ सुद्धा येऊ शकतात. नाणी बाकावर गरगर फिरवू नका, हवेत उडवा. आणि बाकाखाली गेलेली फेक ‘मोजायची की नाही’ हे आधीच ठरवा, नाहीतर मुले हवी तेवढीच मोजतात.