उकळ तीन मिनिटं, कळ अर्धा तास

क्रॉफिश उकळायला पाककौशल्य फारसं लागत नाही. पाणी, मसाला, जाळ आणि जिवंत माल, एवढं भांडवल पुरतं. लागते ती कळ काढायची ताकद, आणि अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या एप्रिलच्या दुपारी, घरामागच्या अंगणात, पातेल्याभोवती उभ्या असलेल्या पंधरा भुकेल्या मराठी माणसांकडे नेमकी तीच नसते.

ज्यांनी हा प्राणी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: शेवंडीचं, म्हणजे लॉबस्टरचं, कुपोषित पोर. राहणार गोड्या पाण्यात, लांबी बोटभर, नांग्या दोन आणि अख्ख्या जगाशी उभा दावा. लुइझियानात याची पैदास भाताच्या खाचरातच होते. भात कापला, ऑक्टोबरच्या सुमारास शेतात पुन्हा पाणी भरलं, की बिळात दडलेले क्रॉफिश बाहेर येतात आणि वसंत सरेपर्यंत पिंजऱ्यात सापडत राहतात. कोकणातला शेतकरी बांधाला भोकं पाडणाऱ्या मुठ्यांना, म्हणजे शेतातल्या खेकड्यांना, शिव्या घालतो. इथल्याने तसल्याच खोडकराचं दुसरं पीक काढलं. ब्रो ब्रिज नावाच्या गावाला १९५९ सालापासून ‘क्रॉफिशची जागतिक राजधानी’ असा किताब आहे. ऐन हंगामात इथल्या कॅथलिकांचा उपासाचा काळ येतो. शुक्रवारी मांस वर्ज्य, पण क्रॉफिश चालतो, त्यामुळे गुड फ्रायडेला घरोघरी पोती रिकामी होतात. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण आपली, अंमलबजावणी त्यांची.

माल जाळीदार पोत्यात मिळतो, ३० ते ३५ पौंडांचा, म्हणजे साधारण १५ किलो. माणशी ३ ते ५ पौंड धरायचे. आकडा ऐकून नवखे पाहुणे दचकतात. दचकू नये. खायचं मांस फक्त शेपटीत, वजनाच्या जेमतेम १५ टक्के. १५ किलोंत सव्वादोन किलो मांस, बाकी सगळं डोकं आणि आविर्भाव. हा हिशेब मात्र जेवणं होईपर्यंत कोणत्याही काकांना सांगू नये. ते लगेच मांसाचा किलोचा दर काढतात आणि नंतर घास उतरत नाही. त्यांच्या नव्हे, आपल्या.

पोतं घरी आलं की सावलीत ठेवायचं, वर ओलं गोणपाट. बादलीत पाणी भरून त्यात सोडायचे नाहीत. माशाच्या जातीला पाण्यातच बरं वाटेल ही भूतदया इथे प्राणघातक ठरते. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू तासाभरात संपतो आणि सगळे गुदमरतात. कल्ले ओले राहिले की त्यांना हवेत तासन् तास काढता येतात.

मग धुणं. टबात ओतायचे, पाण्याची नळी सोडायची, चिखल निघेल, पुन्हा ओतायचं. तीन-चार पाण्यांनी काम होतं. इथे हमखास कोणीतरी म्हणतं, “मिठाच्या पाण्यात ठेव, पोटातली घाण ओकतील.” लुइझियानातही पिढ्यान् पिढ्या हीच समजूत आहे. प्रत्यक्षात मिठाने पोट साफ होत नाही, जीव मात्र कासावीस होतो, आणि आपलं अर्ध्या किलोचं मीठ जातं. शेपटीतला काळा दोरा खाताना काढायचा, कोलंबीचा काढतो तसाच. दुसरा सल्ला येतो, “हळद-मीठ लावून ठेव ना थोडा वेळ.” सल्ला देणाऱ्याच्या हातात हळदीची वाटी द्यावी आणि लावून दाखवायला सांगावं. पकडायचा तो पाठीमागून, नांग्यांच्या मागे, कवचावर दोन बोटं ठेवून. हे त्यांना आधी सांगायचं की नंतर, ते सल्ल्याच्या सुरावर अवलंबून.

धुतानाच मेलेले वेचून फेकायचे. अंग ढिलं, हालचाल नाही, वास येतोय, तो गेला. उकळल्यावर शेपूट सरळ राहिली तर तो आधीच मेलेला होता, असंही छातीठोकपणे सांगतात. तो पुरावा कच्चा आहे. पातेल्यात गर्दी झाली की जिवंत गेलेल्यालाही शेपूट वळवायला जागा मिळत नाही. दादरला आठ पस्तीसच्या लोकलमध्ये उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

पातेलं ८० क्वार्टचं, म्हणजे सुमारे ७५ लिटरचं, आत भोकांची जाळी, खाली गॅसचा मोठा बर्नर. हे सगळं उघड्यावर. स्वयंपाकघरात हा प्रयोग केला तर मिरचीच्या वाफेने घरच्यांना असा ठसका लागतो की फोडणीत जळलेली मिरची म्हणजे अत्तर वाटावं. पाणी निम्म्यापर्यंतच. काठोकाठ भरलं तर माल पडताच पाणी उतू जाऊन बर्नर विझतो आणि लाल लोंढा चपलांवर येतो.

मसाल्याचा दोनेक किलोचा डबा एका पोत्याला पुरतो. त्यात मीठ भरपूर असतं, म्हणून वरून मीठ नको. पाण्यात सोडायच्या पुडीतले अख्खे जिन्नस पाहिले तर माहेरचं कोणी भेटल्यासारखं होतं: मोहरी, धणे, शेपूचं बी, लाल मिरची. तमालपत्रही असतं, पण ते आपलं नव्हे, वेगळ्या झाडाचं. आपल्यातला दालचिनीचा वास त्याला नाही. सोबत सात-आठ लिंबं अर्धी करून, कांदे, आडवे कापलेले लसणीचे आठ-दहा गड्डे. पंधरा मिनिटं खळखळू द्यायचं, मग छोटे लाल बटाटे टाकून आणखी दहा मिनिटं. आता पाणी चाखा. रश्शासारखं छान लागलं तर मसाला कमी पडलाय. ते असह्यच लागायला हवं, कारण ते प्यायचं नसून कवचापलीकडे पोचवायचं आहे.

आता माल आत. उकळी बसेल, झाकण ठेवा. पुन्हा खळखळ सुरू झाली की घड्याळ लावून तीन मिनिटं, आणि गॅस बंद. इथपर्यंत कोणीही करू शकतं.

खरी परीक्षा यापुढे. शिजला आहे, रंग लालभडक झालाय, वास दोन घरं पलीकडे गेलाय, आणि आत चव शून्य. उकळताना मसाला आत जात नाही. गरम क्रॉफिश वर तरंगतो. पाणी निवू लागलं की कवचाखालची वाफ आक्रसते, रिकाम्या जागी मसाल्याचं पाणी शिरतं आणि तो तळाला बसतो. गुलाबजाम पाकात बुडला की मुरला म्हणतो, तसंच. म्हणून गॅस बंद करून गोठवलेली मक्याची कणसं आत टाकायची, बाहेरून पातेल्यावर पाण्याची नळी धरायची, आणि २० ते ३० मिनिटं कोणालाही झाकणाजवळ येऊ द्यायचं नाही.

लोणचं मुरायला महिना वाट पाहणारे आपले लोक या अर्ध्या तासात मोडतात. “झालं असेल,” “एक बघू दे,” “गॅस का बंद केला, कच्चं राहील.” यातलं तिसरं वाक्य घातक. कोणी मागच्या मागे बर्नर पेटवला तर मांस भुगा होऊन कवचाला चिकटतं आणि सोलताना माणूस नखांनी भिंत खरवडल्यासारखा दिसतो. पंधराव्या मिनिटापासून दर पाच मिनिटांनी एकेक चाखायचा, तोही बर्नरवालीने. ह्या पदाचा एवढाच मान आहे, तो सोडू नये.

मुरवायचा कंटाळा असलेले लोक वरून कोरडा मसाला भुरभुरतात. तो बोटांना लागतो, बोटं डोळ्यांना लागतात. ह्यूस्टनच्या व्हिएतनामी मंडळींचं लोणी-लसणीत घोळवणं मात्र मला मान्य आहे. अट एकच, आधी मुरवलेलं असावं.

दुसरा घाणा त्याच पाण्यात काढायचा, अर्धा मसाला घालून. त्यात बटाटे टाकू नका. बटाटा त्या पाण्याचं तिखट-मीठ स्पंजासारखं ओढतो आणि “मला फक्त बटाटा चालेल” म्हणणारा शाकाहारी पाहुणा पहिल्याच घासाला बळी जातो.

टेबलावर वर्तमानपत्रं, त्यावर ढीग. डोकं पिळून वेगळं करायचं, शेपटीचं पहिलं कडं सोलायचं, टोक चिमटीत दाबून मांस ओढायचं, मग डोकं चोखायचं. आतला पिवळा ऐवज म्हणजे मेंदू नव्हे, यकृतासारखं काम करणारी ग्रंथी. चिंबोरी फोडून वाढलेल्यांना ओळख करून द्यावी लागत नाही.

राहता राहिली टरफलं, बारा किलोंच्या वर. कचऱ्याची गाडी गुरुवारी येते, आज शनिवार. लुइझियानाच्या उन्हात त्यांना दुसऱ्या दिवशीच असा वास सुटतो की शेजारी हवा खायला बाहेर येणं सोडतात. उपाय एकच: दोन पिशव्यांत घट्ट बांधून गाडी येईपर्यंत फ्रीझरमध्ये, खोवलेल्या नारळाशेजारी. पिशवीवर ठळक अक्षरांत ‘टरफलं’ असं लिहा. नाहीतर बुधवारी रात्री कोणीतरी ती सोलकढीसाठी बाहेर काढून ठेवतं.