अर्ध्या कानाचे रसग्रहण

आवडते गाणे दुसऱ्याला ऐकवणे आणि पाहुण्यांपुढे मुलाला कविता म्हणायला लावणे यांत फारसा फरक नाही. समोरच्याने मागणी केलेली नसते, मान डोलावणे त्याला भाग असते आणि नेमक्या चांगल्या ओळीला त्याला शिंक येते. हे ठाऊक असूनही ‘द पोस्टल सर्व्हिस’ या बँडची गाणी बायकोला आवडलीच पाहिजेत, असा हट्ट मी गेली कित्येक वर्षे धरून बसलो आहे.

गाण्याआधी मी बँडची हकिगत सांगतो आणि तिथेच माझे निम्मे अवसान खर्च होते. बँडमधला जिमी टॅम्बोरेलो लॉस एंजेलिसमध्ये बसून यंत्रांवर ताल-सूर रचायचा आणि ते सिॲटलला बेन गिबर्डकडे टपालाने धाडायचा. गिबर्ड त्यांवर शब्द आणि चाल चढवून सारे परत पाठवायचा. अशा दीड हजार किलोमीटरच्या येरझाऱ्यांतून २००३ मध्ये ‘गिव्ह अप’ हा दहा गाण्यांचा अल्बम निघाला. त्यानंतर अमेरिकेच्या टपाल खात्याने नावाला हरकत घेणारी नोटीस बजावली. मग समेट असा झाला की बँडने टपालाचा प्रचार करावा, खात्याच्या परिषदेत गाऊन दाखवावे आणि नाव खुशाल वापरावे. एवढ्या रसाळ इतिहासावर बायकोचा एकच प्रश्न होता : “नोटीस टपालानेच आली होती का?”

खरी फजिती प्रवासात झाली. याच अल्बममधल्या ‘सच ग्रेट हाइट्स’ या गाण्याची सुरुवात टिकटिकणाऱ्या छोट्या स्वरांनी होते आणि ते स्वर डाव्या कानातून उजव्या कानात, उजव्यातून डाव्यात असे चेंडूसारखे टोलवले जातात. मी मोठ्या प्रेमाने इअरफोनची एक बाजू तिला दिली आणि दुसरी स्वतःच्या कानात घातली, म्हणजे चेंडू एकाच्या अंगणातून उडाला की दुसऱ्याच्या अंगणात पडत होता.

“अडकतंय हे,” ती म्हणाली. “चार्जिंग संपत आलंय का?”

नाइलाजाने दोन्ही बाजू तिला दिल्या आणि मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत, मनातल्या मनात गाणे चालवत, गुडघ्यावर ठेका धरून बसलो. माझे मनातले गाणे बहुधा अर्धे कडवे मागे पडले असावे, कारण ‘आता ड्रम येतील बघ’ अशी खूण मी केली तेव्हा, तिच्या म्हणण्याप्रमाणे, ते येऊन बराच वेळ झाला होता. या गाण्यातले यंत्र घड्याळासारखे काटेकोर आहे आणि आवाज मात्र नुकताच रडून, तोंड धुऊन बाहेर आलेल्या मुलाचा आहे; सगळी गंमत या दोहोंच्या विजोड संसारात आहे, हे मी तिला समजावू लागलो, तर तिने इअरफोन काढून विचारले, “काय म्हणालास?”

मी हार मानली होती, तेवढ्यात आपोआप ‘नथिंग बेटर’ सुरू झाले. यात प्रियकर ‘जाऊ नकोस’ म्हणून गयावया करतो आणि जेन वुडच्या आवाजातली प्रेयसी, आपण का निघालो आहोत हे पटवायला, चक्क तक्ते आणि आलेख तयार करून आल्याचे सांगते. बायको सावरून बसली.

“खरंच तक्ते करून आणलेत हिने?”

“हो.”

“मग त्याला पटलं?”

“नाही. तो विनवतच राहतो.”

“वाटलंच मला,” असे म्हणून तिने गाणे मागे नेले, ते बरोबर प्रेयसीच्या ओळींपाशी.

तेव्हापासून आमच्या घरी या अल्बममधला तेवढाच तुकडा वाजतो आणि बेन गिबर्ड तोंड उघडतो न उघडतो तोच त्याला मागे ढकलले जाते. परवा मी ‘द डिस्ट्रिक्ट स्लीप्स अलोन टुनाइट’ या माझ्या सर्वांत लाडक्या गाण्याची शिफारस भीतभीत पुढे केली. तिने नाव शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “त्या बाईचा एकटीचा अल्बम आहे का रे, ज्यात मध्ये मध्ये हा बोलत नाही?”