हद्द कोणाची ते नंतर बघू, आधी गाडी पाठवा

धोपाव्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर दाभोळ दिसतं. रात्री पलीकडच्या घरांतले दिवेही दिसतात. फेरीबोट चालू असेल तर पलीकडे जाणं म्हणजे काही मिनिटांचं काम. फेरी बंद झाली की तेच दाभोळ गाठायला वाशिष्ठीला वळसा घालून चिपळूणच्या बाजूने जावं लागतं आणि दोन-तीन तास रस्त्यातच जातात. खाडीकाठच्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. मोबाईलच्या टॉवरला मात्र कोण सांगणार?

सिग्नलला पाणी आडवं येत नाही. उलट डोंगर आडवा येतो, खाडी मोकळी असते. म्हणून गुहागर तालुक्यातल्या अंगणात उभं राहून लावलेला फोन पलीकडचा, दापोली तालुक्यातला टॉवर खुशाल पकडतो. एरवी यात कोणाचं काही बिघडत नाही. पण तो फोन तातडीच्या मदतीच्या ११२ ला किंवा रुग्णवाहिकेच्या १०८ ला असेल, आणि तो घेणाऱ्याच्या स्क्रीनवर फक्त टॉवरची जागा दिसत असेल, तर तुमचं गाव एका काठावर आणि तुमची खूण दुसऱ्या काठावर.

अशा कॉलमध्ये ठिकाणाचा प्रश्न दोनदा येतो आणि आपल्याकडे या दोन्हींची सतत गल्लत होते. पहिला प्रश्न, कॉल कोणत्या केंद्राने उचलायचा? दुसरा, कोणती गाडी निघणार? महाराष्ट्रात पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे, कारण केंद्रं मोजकीच आहेत. ११२ चं मुख्य केंद्र नवी मुंबईत महापेला, दुसरं नागपूरला. १०८ चं केंद्र पुण्यात औंधला, २०१४ पासून. ती सेवा ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली, त्यातल्या २३३ मध्ये व्हेंटिलेटरसकट जास्तीची सोय होती. म्हणजे राज्याच्या आत तुम्ही कुठूनही फोन करा, उचलणारा ठरलेला. खरी गंमत पुढे आहे. औंधला हेडफोन लावून बसलेल्या मुलीने तुमचं गाव ओळखायचं कसं?

गावाच्या नावावर जाल तर संपलंच. एकट्या पुण्याच्या आसपास वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव मावळ. आमच्याकडे गावाच्या खाली वाडी, आणि मधलीवाडी व वरचीवाडी तर निम्म्या गावांत सापडतील. 'देवळाच्या मागे, काजूच्या बागेतून खाली' हा पत्ता पोस्टमनला पुरतो, कारण तो इथलाच. माणूस घाबरलेला असताना तर तालुक्याचं नावही तोंडातून नीट येत नाही. त्या मुलीचा यात काही दोष नाही. दोष असेल तर पत्ता काढून घेण्याची सगळी जबाबदारी दोन माणसांच्या बोलण्यावर टाकली आहे, त्याचा.

अमेरिकेत पहिला प्रश्नच जड आहे. तिथे ९११ चे कॉल घेणारी केंद्रं साडेपाच हजारांच्या वर आहेत, बहुतेक काउंटीवार, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागांनुसार, आणि मोबाईलवरचा कॉल वर्षानुवर्षं टॉवर बघून वाटला जात होता. टॉवर काउंटीच्या वेशीजवळ असला की कॉल शेजाऱ्याकडे. २०१४ च्या डिसेंबरात जॉर्जिया राज्यात पहाटे वर्तमानपत्रं टाकणाऱ्या एका बाईची गाडी तळ्यात गेली. तिने फोन लावला, रस्त्याचं नाव सांगितलं, पिनकोडसुद्धा सांगितला. पण टॉवर शेजारच्या काउंटीचा होता. कॉल घेणाऱ्या बाईच्या नकाशात तो रस्ता सापडेना, कारण तिचा नकाशा तिच्या हद्दीपाशी संपत होता. मदत पोचेपर्यंत वीसेक मिनिटं गेली. गाडीतली बाई पुढे दवाखान्यात वारली. पत्ता तोंडाने अचूक सांगूनही हे झालं, हे मला फार लागतं. २०२४ च्या जानेवारीत तिथल्या दूरसंचार आयोगाने नियम केला, की फोनची स्वतःची जागा पुरेशा खात्रीने कळत असेल, म्हणजे १६५ मीटरच्या आत आणि ९० टक्के भरवशाने, तर कॉल टॉवर बघून नाही, फोन बघून वाटायचा.

फोनला स्वतःची जागा कळते हे आपल्याला माहीतच आहे. जेवण मागवलं की डिलिव्हरीवाला जिन्यापर्यंत बरोबर येतो. भारतात २०१८ पासून नव्या मोबाईलमध्ये जीपीएस सक्तीचं आहे. पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबलं, किंवा साध्या फोनवर ५ वा ९ दाबून धरला, की ११२ लागतो, ही सोयही त्याच नियमातली. ब्रिटनमध्ये २०१४ पासून अशी व्यवस्था उभी राहत गेली, की इमर्जन्सी नंबर लावल्याबरोबर फोन स्वतःहून जीपीएस आणि वायफाय चालू करतो आणि आपली जागा मुकाट केंद्राला कळवतो. ॲप नको, बोलणं नको. युरोपात १७ मार्च २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक स्मार्टफोनला अशी जागा कळवता येणं बंधनकारक आहे. आपल्याकडे २०२५ च्या डिसेंबरात उत्तर प्रदेशाने अँड्रॉइडची ही सोय आपल्या ११२ ला जोडली. महाराष्ट्राने मागे राहावं असं यात काय आहे, मला खरंच कळत नाही. पाळत ठेवतील अशी भीती कोणी घातली तर एवढंच सांगा, की ही जागा फक्त तो नंबर लावल्यावर जाते.

पण जागा कळली म्हणजे काम झालं नाही. मला सर्वात जास्त चिंता दुसऱ्या प्रश्नाची आहे. 'सर्वात जवळची गाडी' कशी मोजायची? नकाशावर पट्टी ठेवून मोजाल तर दाभोळची गाडी धोपाव्याला पाठवाल. वरंध घाट पावसाळ्यात बंद असतो, तेव्हा महाडच्या माणसाला भोर जवळ नसतंच. अंतर रस्त्याने मोजा, त्या तासाला मोजा, फेरी चालू आहे की बंद ते धरून मोजा.

आणि हद्द मोजूच नका. दोडामार्गचा पेशंट बांबोळीला, गोव्याच्या मेडिकल कॉलेजात जातो, हे सिंधुदुर्गात सर्वांना ठाऊक आहे. गोव्याची १०८ वेगळी, २००८ पासूनची. टेलिकॉमच्या नकाशात मात्र महाराष्ट्र आणि गोवा एकच सर्कल, आणि मुंबई वेगळी! त्या पट्ट्यात फोन कोणता टॉवर पकडेल सांगता येत नाही. पकडू दे. चार मैलांवर गोव्याची गाडी उभी असेल तर तिने निघावं, हिशेब दोन्ही सरकारांनी महिनाअखेर करावा. गुन्ह्याच्या बाबतीत कायद्याने हे मान्य केलंच आहे ना? १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून मग तो योग्य ठाण्याकडे पाठवायची तरतूद आहे. कागद हद्द ओलांडतो, मग गाडीला का अडचण?

आता चाकरमान्यांची गोची. मुलगा डोंबिवलीत, आई गुहागरात. आईच्या छातीत दुखायला लागलं की ती १०८ ला फोन लावत नाही, मुलाला लावते. मुलगा डोंबिवलीतून १०८ लावतो. तेव्हा फोनची जागा बघून गाडी पाठवली तर ती डोंबिवलीत जाईल. म्हणून आपोआप आलेली जागा हा अंदाज धरावा, आणि 'तुम्ही पेशंटजवळ आहात का?' हे सर्वांत आधी विचारावं. बंगळुरूतून लावाल तर कॉल कर्नाटकच्या १०८ ला जाईल. अमेरिकेतल्या लेकीला तर हा नंबर लागणारच नाही.  जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा पूर्ण, एसटीडी कोडसह नंबर फोनमध्ये साठवणं आणि शेजारच्या घरातला हाकेला धावणारा एक माणूस, एवढंच तिच्या हातात.

तोवर घरच्या घरी एक करता येईल. पोस्टाने २०२५ मध्ये डिजिपिन आणला, म्हणजे जागेचा डिजिटल पत्ता, दहा अक्षरांचा, साधारण चार मीटर बाय चार मीटर जागेचा. ऐन वेळी तो कोणाला आठवणार नाही, म्हणून मीटरच्या पेटीशेजारी ऑइलपेंटने लिहून ठेवा. एक्सप्रेसवेवर असाल तर किलोमीटरचा दगड वाचून सांगा, रेल्वेरुळाजवळ असाल तर विजेच्या खांबावरचा आकडा.

दोडामार्ग, बांदा, चंदगड, सिरोंचा, नवापूर इथलं कोणी वाचत असेल आणि पूर्वी कधी ११२ किंवा १०८ लावायची वेळ आली असेल, तर पलीकडून कुठल्या राज्याचा माणूस बोलला ते कमेंटमध्ये लिहा. नुसतं तपासून बघायला म्हणून आत्ता लावू नका, तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणाचा कॉल रांगेत थांबतो.